माफी संध्याकाळी असते

— नाही रे मेतोदी, फोन चांगला धडधाकट आहे. वाजत होता, मी ऐकत होते. उचलला नाही एवढंच. उचलला असता तर तू बोलला असतास, तू बोलला असतास तर मला उत्तर द्यावं लागलं असतं. आता तू स्वतःच वरून उतरून आलास, म्हणजे जे चुकवत होते ते पुढ्यात येऊन उभं राहिलं. बैस. बूट राहू देत पायांत, ओघळू दे ते पाणी, आज या फरशीकडे कोण बघणार आहे? ते बोलायचं यंत्र ठेव टेबलावर — तिथे नको, तिथे पीठ सांडलंय — इथे, मिठाच्या बरणीशेजारी. बोलते मी. बोलणार आहे. पण आधी हा चहा घे, डोंगरातल्या पानांचा आहे, मध घातलाय. तुझ्या ओठांवर रंग म्हणून राहिलेला नाही. आणि 'वेलिका आत्या, वेलिका आत्या' करत माझ्या तोंडाकडे बघू नकोस. साऱ्या खोऱ्याची आत्या आहे मी. रोपवेच्या पायथ्याशी चूल मांडून बसले तेव्हापासून ज्याला भूक लागली तो माझा भाचा. पण सख्खा भाचा एकच.

थांब. मला कितपत कळलंय ते मीच सांगते, चुकले तर अडव. माझा रायको कढईत आहे. दुपारपासून. डोंगराच्या पाठीशी जिथे ऊन पोचत नाही, ज्याला आपण कढई म्हणतो त्या खोलगटात, बर्फाखाली. त्याने नेलेले दोन्ही पाहुणे वाचले, कारण त्याने त्यांना कडेच्या खडकावर थांबवलं आणि आधी आपण एकटा उतरला — वाटाड्याने तसंच करायचं असतं, बापानेच शिकवलं होतं. त्याच्या छातीवरचं शोधयंत्र खालून हाक देतंय, ती तुम्हाला ऐकू येते, पण फार खोलातून येते. खरं ना? आणि तुम्ही खणत असताना वरून आवाज आला, डोंगराने पोटातून हुंकार द्यावा तसा. कारण हिमलोट सुटला तो अर्धाच. उरलेला अर्धा थर कढईच्या काठाला अजून लटकतोय आणि वारा त्यावर भर घालतच बसलाय. म्हणून तू तुझ्या बचाव-तुकडीची सगळी माणसं खडकावर काढून घेतलीस. योग्य केलंस. त्यांनाही घरं आहेत. सगळे निघाले, एक सोडून. माझा भाऊ स्तामेन, रायकोचा बाप, तिथे एकटा फावडं मारतोय, तुझ्या हाकेला ओ देत नाही — आणि या जगात तो ज्याचं ऐकतो असं एकच माणूस उरलंय, त्याची थोरली बहीण. म्हणून तू आलास. मी काय म्हणायचं? 'स्तामेन, खाली ये.' एवढंच. एवढं तर रांगतं पोरही म्हणेल. पण या एवढ्याशा बोलण्याच्या पोटात दुसरं एक वाक्य दडून बसलंय, ते दिसतं का तुला? — की तुझा मुलगा आता राहिला नाही. ते वाक्य तू उच्चारलं नाहीस, तुझ्या माणसांपैकी एकानेही उच्चारलं नाही. ते तेवढं म्हातारीच्या तोंडून बाहेर पडावं, नाही का?

आणि कशावरून? कशावरून राहिला नाही? तोंडापुढे हात धरला असेल त्याने, हवेची एवढीशी पोकळी राखली असेल. त्या पोकळीत परमेश्वराला मावता येत नाही असं थोडंच आहे — जो राईच्या दाण्यात मावतो तो तिथेही मावेल. आमच्या लहानपणी एक मेंढपाळ हिमलोटाखालून जिवंत निघाला होता, दुसऱ्या दिवशी. आणि निघाल्यानिघाल्या त्याने आधी आपल्या कुत्र्याची चौकशी केली. हसू नकोस, खरी गोष्ट आहे — नाही, तू हसत नाहीयेस. हसला असतास तर मला बरं वाटलं असतं. रायकोला ही गोष्ट सांगितली की तो दरवेळी म्हणायचा, 'आत्या, त्या कुत्र्याचं पुढे काय झालं ते मात्र तू कधीच सांगत नाहीस!' म्हणायचा — म्हणतो. म्हणतो रे. जीभच वळते, तिला काय करू.

ती दोघं, नवरा-बायको, इथेच बसली होती, डॉक्टरांची गाडी येईपर्यंत. प्लोव्हदिव शहरातली माणसं. सूप पुढे ठेवलं ते तसंच निवत राहिलं, पण बाई बोलत मात्र होती — दिवस उजाडल्यापासूनचं सगळं, अगदी क्रमाने, जणू क्रम चुकला नाही तर शेवट तरी बदलेल. सकाळी रोपवेने वर गेले तेव्हा रात्री यंत्रांनी विंचरून ठेवलेला उतार म्हणे निव्वळ काच. काल वितळलेलं पाणी थंडीने धरलेलं, स्कीची धार टेकेना, दातांवर दात वाजत होते. ऊन चढलं तसा वरच्या अंगाला पापुद्रा आला — वरून कडक, आतून पोकळ, पेलेल पेलेल म्हणता फुटणारा. आणि खाली झाडांच्या रांगेशी तोच बर्फ कालवलेल्या कणकेसारखा, पाय धरून ठेवणारा. एकाच डोंगराचं एकाच सकाळी तीन तऱ्हेचं वागणं! नवरा कुरकुरायला लागला: वर्षाची सुट्टी ही एवढीशी, आणि नशिबात ही लापशी? रायको म्हणाला, 'साहेब, डोंगराच्या दारात तक्रारपेटी नाही, नाहीतर पहिला कागद मीच टाकला असता.' असाच बोलतो तो. जेवण झालं, आणि मग पाहुण्यांचं मन मोडवेना म्हणून म्हण, किंवा त्याच्याच मनाला कुठेतरी मऊ जागा हवी होती म्हणून म्हण — चढताना घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवल्या आणि तिघं राखलेल्या उताराच्या हद्दीची दोरी ओलांडून पलीकडे चढून गेले. पहिली घळ उतरले, देवदारांच्या आडोशाची. तिथे बर्फ कसा होता? 'चाळलेल्या पिठासारखा, आजी,' बाई म्हणाली, 'पायाखाली आवाजच नाही.' हसत उतरले म्हणे. रायको सकाळपासून पहिल्यांदा मोकळा हसला म्हणे. मग पुन्हा चढले, आणि कढईच्या काठाशी आले. तिथेही तसाच पांढरा, तसाच मऊ. पण घळीतला बर्फ आभाळाने दिलेला होता आणि कढईतला वाऱ्याने ओढून आणून थापलेला — काल रात्रभर दक्षिणेचा वारा धारेपलीकडून उचलून इकडे थापत बसला होता. डोळ्यांना दोन्ही सारखेच. मायेची रीतच आहे ती, सोंग हुबेहूब घेते. त्यातला फरक ज्याला कळतो असं माणूस आपल्याकडे कोण? सांग ना, कोण? तूही आजवर स्तामेनलाच विचारत आलास.

स्तामेन पहाटे उठतो, तुला ठाऊक आहे. बचाव-तुकडीतून निवृत्त झाला तरी सवय गेली नाही. पायरीवर उभा राहतो, टोपी काढून वारा कानाला लावून घेतो, काठी बर्फात रोवतो, काढतो, पुन्हा रोवतो. लोक देव्हाऱ्यापुढे उभे राहतात तसा उभा राहतो तो. मग आत येऊन चहाच्या टेबलावर सांगतो — आज ही बाजू चांगली, आज तिकडे फिरकू नका. पंधरा जण पेले हातात धरून ऐकतात. आज पहाटेही उभा होता. आत आला, हात चुलीवर धरले आणि म्हणाला, 'ताई, आज कढई भरलीय. आज तिच्याकडे नजरसुद्धा टाकू नये.'

… मला म्हणाला. हो. मला.

असा का बघतोस? मी होतेच की इथे. चीजचे थर घालून भाजायच्या बानित्सासाठी पोळ्या लाटत होते, आज उपवासाआधीचा शेवटचा रविवार, दूध-लोण्याचा शेवटचा दिवस, चार घरची माणसं जेवायला यायची होती. मला काय ठाऊक रायको तिकडे जाणार आहे? तो सांगून गेला होता, दिवसभर दोरीच्या आतच आहे म्हणून. आणि बापाने मुलाला सांगायची गोष्ट तिसऱ्याने मधे पडून सांगू नये, इतकं मला — जाऊ दे. नाही सांगितलं. लाटणं थांबवून एक वाक्य बोलायचं होतं, नाही बोलले. वाटलं, रात्री सगळं होईलच.

रात्री काय होणार होतं, ते तुला काय सांगायचं? तुझ्या घरीही तेच. क्षमेचा रविवार. धाकट्याने थोरल्याच्या हातावर ओठ टेकायचे, 'माफ करा' म्हणायचं. थोरल्याने म्हणायचं, 'माफ आहे, देवाकडूनही असो.' मग जेवण, मग छताला लाल दोऱ्याने टांगलेला कडक हलव्याचा तुकडा, आणि पोरांनी तो हात न लावता तोंडाने पकडायचा. वर्षाचं किल्मिष एका संध्याकाळी धुऊन निघतं — आपल्या लोकांना देवाने दिलेली ही सगळ्यात मोठी दौलत, असंच मी आजवर मानत आले. आणि आमच्या घरात धुवायला यंदा पुष्कळ होतं. गेल्या हिवाळ्यातली गोष्ट तुझ्या डोळ्यांदेखत घडली. स्तामेनने कढईच्या तोंडाशी लाल फडक्यांचे खांब रोवले, आणि रायकोने पाहुण्यांसमोर ते उपटून बाजूला ठेवले, 'म्हाताऱ्याला आता स्वतःच्या सावलीचंही भय वाटतं' असं म्हणाला, आणि उतरून गेला. काही झालं नाही. एक कणही हलला नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, असं बोलू नये, पण थोडंसं काहीतरी — पाय मोडण्याइतकं! त्या रात्री गुत्त्यात लोक हसले. स्तामेन मला म्हणाला, 'ताई, त्याने खांब नाही उपटले, माझी मिशी उपटली.' वर्षभर एका चुलीवर जेवले दोघं आणि मीठ मागायचं तरी माझ्यामार्फत.

आज सकाळी रायको स्की खांद्यावर घेऊन आत आला. निघण्याच्या बेतात होता. मग काय मनात आलं कोण जाणे, स्की भिंतीला टेकवली, टोपी काढली, इथे — या कोपऱ्यात, देवाच्या प्रतिमेखाली बाप बसला होता तिथे — वाकला, बापाचा हात हातात घेतला आणि म्हणाला, 'बाबा, मला माफ करा.' एवढा उंच माणूस, पाठ अशी वाकलेली. माझं लाटणं थांबलं. आणि स्तामेनने हात काढून घेतला. झटकला नाही हं. हळूच, चिमटीतून दोरा काढावा तसा काढून घेतला. म्हणाला, 'माफी संध्याकाळी असते.' रायको म्हणाला, 'आत्ता मागावीशी वाटली.' तर म्हणाला, 'संध्याकाळी. पंगतीत. दिवा लावून, ज्या तोंडांसमोर माझी अब्रू घालवलीस त्याच तोंडांसमोर. वर्ष थांबलास, एक दिवस थांब.' त्याला दुष्टपणा म्हणू नकोस, मेतोदी, देवाची शपथ, म्हणू नकोस! तो द्यायलाच बसला होता रे. कालच त्याने तळघरातून ती जुनी दारू वर आणून ठेवली. शर्टाला स्वतः इस्त्री केली, बाह्या भाजल्या, मी ठिगळ लावून दिलं. त्याला ती माफी रीतीने द्यायची होती, ताटात वाढून, वरून तूप सोडून द्यावी तशी. उभ्याउभ्या, बुटांसकट, भाजीपाला दिल्यासारखी नको होती द्यायला. एवढंच. आणि माफी द्यायच्या आधी बोलायचं नाही हाही त्याचा नेम. म्हणून कढईचं ते वाक्य मुलापुढे त्याच्या तोंडातच राहिलं. एरवी मुलगा दारातून निघाला की वर्षभराच्या अबोल्यातही तो चुलीला उद्देशून का होईना बोलायचा — 'आज अमुक बाजू वाईट' — आणि रायको ऐकलं न ऐकलंसं करून ऐकायचा. आज चुलीलाही बोलला नाही. आज मोठा दिवस ना! आज सगळं शुद्ध हवं होतं.

रायको रागावला नाही. टोपी घातली, मला म्हणाला, 'आत्या, माझा हलवा जरा खाली टांग, माझी मान आता वळत नाही,' आणि गेला. त्या बाईने विचारलं म्हणे त्याला चढताना, तुम्ही असे गप्प का? तर म्हणाला, 'संध्याकाळ व्हायची वाट बघतोय.'

परमेश्वराच्या दारी घड्याळ टांगलेलं नाही, मेतोदी. येशूशेजारी क्रुसावर टांगलेला चोर शेवटच्या श्वासाला मागतो, त्यालाही तो देतो. सकाळ आहे का, दिवा लागलाय का, माणसं जमलीत का, विचारत नाही. त्याने आपल्याला ती वस्तू फुकट दिली, आणि आपण तिला वेळ लावली, आसन मांडलं, ताट लावलं. चर्चमध्ये चाळीस वर्षं मी गात आले, सगळे शब्द तोंडपाठ, आणि आज सकाळी ते शब्द माझ्यापुढे वाकून उभे राहिले तेव्हा मी मनात काय म्हटलं सांगू? मी म्हटलं — बरोबर आहे स्तामेनचं. होऊ दे नीट, सगळ्यांदेखत.

काय बघतोस तिकडे? ते पातेलं? गहू आहेत. नुसते गहू, पाण्यात. … हो, मेलेल्यांच्या नावाने गहू शिजवायचा तो मृतांचा शनिवार मागच्याच आठवड्यात झाला, मला का ठाऊक नाही? तेव्हाही मीच शिजवले होते. मग आज कशाला? — आज अशाच. हात रिकामे राहवेनात. ती दोघं गेली, खोलीत कुणी नाही, तुझा फोन वाजतोय… उठले आणि भिजत घातले. गव्हाला शिजायला वेळ लागतो, मेतोदी. रात्री धावपळ होते.

बघ. म्हटलं होतं ना, ते वाक्य माझ्या तोंडून काढायला आलायस. निघालं. तुझ्या येण्याआधीच मी ते पाण्यात टाकून ठेवलं होतं, आणि इतका वेळ तुला मेंढपाळाची गोष्ट सांगत बसले.

दे ते यंत्र. कुठे दाबायचं, हे? … स्तामेन. मी आहे, ताई. … येतंय ऐकू, वारा फार आहे, तोंडाजवळ धर. … एक स्की? कुठल्या रंगाची? … हो, त्याचीच. … आणि हाक? अजून तितक्याच खोलातून? … नाही, नाही थांबवत मी तुला, ऐक तर. मेतोदी इथे माझ्यापुढे बसलाय. वर उरलेला थर — … हो. तुला ठाऊक आहे. तुला नाही तर कुणाला ठाऊक असणार. … तडकलाय? कुठून? … स्तामेन, खाली ये. मी म्हणते म्हणून ये. … स्तामेन? … काय म्हणालास? वाऱ्यात गेलं, पुन्हा म्हण …

… माफ आहे, बाळा. माझ्याकडून आहे. देवाकडूनही असो.

… बंद केलं त्याने. नाही, बिघडलं नाही. कळ दाबल्याचा आवाज आला. ठेव.

ओरड, ओरडायचा हक्क आहे तुला. कळतंय मला तू काय म्हणतोयस. मी म्हणायला हवं होतं, 'माफी संध्याकाळी असते, स्तामेन. खाली ये, पंगतीत बैस, मग माग.' आला असता. रडत, शिव्या देत का होईना, आला असता, कारण थोरल्या बहिणीची माफी न घेता तो तिथे थांबू शकत नव्हता. आणि ती घेतल्यावर त्याला उठवील असं काही उरलं नाही. तेवढी एकच दोरी माझ्या हातात होती. मला ती दिसली नाही असं वाटतं तुला? दिसली. वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. पण या खोलीत ते आज एकदा म्हणून झालंय, मेतोदी. दुसऱ्यांदा म्हणणारी जीभ माझ्यापाशी नाही. आणि समजा, आणलं असतं मी त्याला खाली, हात-तोंड धुवायला लावून, तो इस्त्रीचा शर्ट घालून बसवलं असतं थोरल्याच्या जागी — कुणाला माफ करायला?

ऊठ आता. तुझी माणसं खडकावर गारठली असतील. उजेड आहे तोवर त्यांना उतरव, एकालाही मागे वळू देऊ नकोस, ओढून आणावं लागलं तरी आण. माझ्यापाशी बसून काय होणार? जा. जा म्हणते ना.